मॅथएमएल की मॅथजॅक्स? आधी कोण काय आहे ते बघू

वेबपेजवर गणित दाखवायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास कानावर येतात, दोन्हीची सुरुवात 'मॅथ'नेच, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की ही एकाच टाइपची दोन सॉफ्टवेअर आहेत, एक निवडायचं आणि कामाला लागायचं. तसं नाहीये. मॅथएमएल हे मुळात सॉफ्टवेअरच नाही, ती मार्कअप भाषा आहे, एचटीएमएलसारखीच टॅगवाली, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने १९९८ मध्ये स्टँडर्ड केलेली. मॅथजॅक्स मात्र जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे पेजला जोडायचा तयार कोड. पेज उघडलं की ती त्यातलं गणित शोधून काढते आणि नीट मांडून दाखवते. म्हणजे मॅथएमएल ही सूत्र लिहायची भाषा, आणि मॅथजॅक्स हा सूत्र दाखवणारा, चालवायचा प्रोग्राम.

साधं एक छेद दोन घ्या. मॅथएमएलमध्ये एमफ्रॅक नावाचा टॅग, त्याच्या पोटात दोन एमएन टॅग, एकात १ दुसऱ्यात २, बाहेरून मॅथ टॅग, म्हणजे उघडणारे-बंद होणारे धरून आठ टॅग झाले. हाताने कोण लिहिणार हे? मॅथजॅक्सला तेच लाटेकमध्ये (गणित टाइप करायची एक प्रचलित लेखनपद्धत) दिलं तरी चालतं, बॅकस्लॅश फ्रॅक, मग महिरपी कंसात १, महिरपी कंसात २, झालं. आणि गंमत म्हणजे मॅथजॅक्स ते लाटेक घेऊन आतल्या आत त्याचं मॅथएमएलच्याच रचनेत रूपांतर करते आणि मग पुढचं चित्र बनवते. विश्वास नसेल तर मॅथजॅक्सने दाखवलेल्या सूत्रावर राइट क्लिक करा, मेनूतून मॅथएमएल कोड बघता येतो.

मग घोळ का झाला? फायरफॉक्सला मॅथएमएल खूप आधीपासून येतं, पण क्रोमने २०१३ च्या सुरुवातीला २४व्या व्हर्जनमध्ये ते आणलं आणि लगेच पुढच्याच व्हर्जनमध्ये काढूनही टाकलं, ते परत आलं थेट जानेवारी २०२३ ला, व्हर्जन १०९ मध्ये. मधली दहा वर्षं सगळा भार मॅथजॅक्सवर (नंतर जोडीला केटेक्स नावाची तशीच लायब्ररी आली, पण तो वेगळा विषय). त्यामुळे एक दुसऱ्याची जागा घेतं असा समज झाला.

कुठल्या पेजवर काय वापरलंय हे बिघडल्यावर सगळ्यात चांगलं कळतं. मॅथजॅक्सची स्क्रिप्ट लोडच झाली नाही तर बॅकस्लॅश आणि कंसांचा कच्चा मजकूर तसाच दिसतो, निदान कळतं तरी की काहीतरी गंडलंय. ब्राउझरला मॅथएमएल येत नसेल तर तो अनोळखी टॅग गुपचूप गिळतो आणि आतलं फक्त दाखवतो, म्हणजे एक छेद दोनचं सरळ १२ होतं! हे जास्त डेंजर, कारण वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

आणि आता सगळीकडे सपोर्ट आलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ब्राउझर आता मॅथएमएल कोर नावाचा छोटा भाग धरून चालतात आणि त्यात एमफेन्स्ड हा आपोआप कंस घालून देणारा जुना टॅग नाही, त्यामुळे जुनी पानं आजच्या क्रोममध्ये उघडली तर त्यातले कंस गायब, आणि कंस गेला की उत्तरच बदलतं. कंस एमओ या चिन्हांसाठीच्या टॅगमध्ये स्वतः लिहायचे, मग प्रश्न येत नाही.

माझं मत विचाराल तर लिहायचं लाटेकमध्येच. चारदोन सूत्रंच असतील तर आधीच मॅथएमएलमध्ये बदलून पेजमध्ये टाका, स्क्रिप्टची गरजच नाही, सूत्र दिसताना पान उड्याही मारत नाही. रोज नवीन सूत्रं येणार असतील, वेगवेगळी माणसं लिहिणार असतील तर मॅथजॅक्स लावा. फक्त एक, मॅथजॅक्स एकेरी डॉलरमधलं गणित आपणहून ओळखत नाही, ते सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर एका वाक्यात दोन वस्तूंच्या डॉलरमधल्या किमती आल्या की मधला सगळा मजकूर सूत्र समजून तिरपा आणि एकमेकांना चिकटलेला दिसला असता.