बटनाच्या वेशातला चौकोन

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक मुलगा फोंड्याला माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला येत असे. जन्मापासून दृष्टी नाही, पण टायपिंगचा वेग माझ्याहून जास्त. एकदा तो एका दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरत होता. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, सगळं पडदा बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या प्रोग्रामच्या आवाजावर झरझर झालं. मग जन्मतारीख आली आणि हात थांबले. त्याने पुढच्या चौकटीत नेणारी टॅबची कळ दाबली, पुन्हा दाबली, मागे जाऊन परत आला. "सर, तारखेची जागाच नाही इथे." मी वाकून पाहिलं. पडद्यावर सुबक कॅलेंडर होतं, महिने उलटायचे बाण होते, माउसने दोन सेकंदांचं काम. कीबोर्डच्या दृष्टीने मात्र तिथे काहीच नव्हतं. तारीख मी भरली. तो काही बोलला नाही. सगळा अर्ज स्वतः भरलेल्या माणसाला एक तारीख दुसऱ्याकडून भरून घ्यावी लागणं म्हणजे काय, ते मला त्याच्या गप्प राहण्यातून कळलं.

हे असं का होतं, हे सांगायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

१९८०च्या दशकातला कॉम्प्युटर अंध माणसासाठी आजच्याहून सोपा होता, असं म्हटलं तर अनेकांना पटणार नाही. पण विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळात पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. ती अक्षरं मेमरीत जशीच्या तशी असत आणि तिथून उचलून बोलून दाखवणारा प्रोग्राम लिहिता येई. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी असाच स्क्रीन रीडर तयार केला. १९८९ मध्ये टेड हेंटर यांचा 'जॉज' आला. हेंटर मोटरसायकल शर्यतींत उतरणारे. १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली, मग ते प्रोग्रामिंगकडे वळले. जॉज आजही वापरात आहे.

मग विंडोज आलं. अक्षरांच्या जागी चित्रं आली. बटन म्हणजे करड्या रंगाचा एक चौकोन, त्यावर रंगवलेली अक्षरं. मेमरीतून उचलायला मजकूरच उरला नाही. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी तेव्हा केलेली खटपट थक्क करणारी आहे: विंडोज पडद्यावर काय रंगवतं आहे ते वाटेतच अडवून पाहायचं आणि त्यावरून पडद्याची एक प्रतिकृती आपल्याकडे बांधायची. ते चालायचं, पण फार नाजूकपणे. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की घडी विस्कटायची.

यावर खरा तोडगा १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी'तून निघाला. कल्पना साधी होती. पडद्यावरची प्रत्येक वस्तू विचारल्यावर आपली ओळख सांगेल: माझं नाव काय, माझी भूमिका काय, माझी अवस्था काय. 'ठळक अक्षरं, चेकबॉक्स, निवडलेला.' मग चित्रावरून अंदाज बांधत बसायचं कारण नाही. नाव, भूमिका, अवस्था. पुढच्या सगळ्या इतिहासात हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात.

त्याच सुमारास वेब पसरत होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची वेबपानं लिहायची मूळ भाषा, एचटीएमएल, म्हणजे शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा. ती भाषा दिसणं सांगत नव्हती, अर्थ सांगत होती. त्यामुळे स्क्रीन रीडरला ती मानवली. शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत आख्खं पान चाळता येई. डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये 'वेब ॲक्सेसिबिलिटी इनिशिएटिव्ह' सुरू केलं आणि ५ मे १९९९ रोजी वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या 'डब्ल्यूसीएजी' या नियमावलीची पहिली आवृत्ती जाहीर केली: १४ मार्गदर्शक तत्त्वं, ६५ तपासणीचे मुद्दे. चित्राला पर्यायी मजकूर द्या, तक्त्याला रकान्यांची शीर्षकं द्या, अशा त्या सूचना आजही लागू पडतात. त्यातली एक मात्र काळाबरोबर टिकणारी नव्हती. पानाला हलतं-बदलतं करणारी जावास्क्रिप्ट ही भाषा बंद असली तरी पान चाललं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. पान वाचायचं होतं तोवर ते शक्य होतं.

पण पान वाचायचं राहिलं नाही. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं, २००५च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स, आणि त्याच महिन्यात या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव पडलं. पान पुन्हा न उघडता त्यातला एखादा तुकडाच बदलायचा. वेबपान हे ॲप्लिकेशन झालं, आणि तिथेच विंडोजच्या वेळचा घात दुसऱ्यांदा झाला.

एचटीएमएलमध्ये दुवा, बटन, मजकुराची चौकट, निवडीची यादी, चेकबॉक्स अशी मोजकीच साधनं होती. टॅबच्या पट्ट्या, उघडमिट करणाऱ्या याद्या, सरकपट्टी, कॅलेंडर यांतलं काहीच नव्हतं. म्हणून प्रोग्रामर 'डिव्ह' नावाचा कोरा चौकोन घेत, त्याला रंग देत, कडा गोल करत आणि जावास्क्रिप्टने त्याला माउसचा क्लिक ओळखायला शिकवत. दिसायला बटन, मुळात चौकोन. त्या वेळच्या मानकाप्रमाणे अशा चौकोनावर टॅब दाबून जाताही येत नसे. शिवाय स्क्रीन रीडर पान उघडताना त्याची एक प्रत आपल्याकडे करून घेई आणि तीच वाचे. नंतर पानाचा कोपरा बदलला तर त्याची वार्ताच लागत नसे. 'तुमचा पासवर्ड चुकला' हे लाल अक्षरांत लिहून यायचं, आणि ऐकणारा जमा झालेल्या अर्जाची वाट पाहत बसायचा.

हे नुकसान एकट्या अंधांचं नव्हतं, हे इथे थांबून सांगायला हवं. हात थरथरतो म्हणून माउस न वापरता येणारे, तोंडात काडी धरून कळ दाबणारे, एकाच स्विचवर कॉम्प्युटर चालवणारे, बोलून हुकूम सोडणारे, या सगळ्यांची भिस्त कीबोर्ड आणि नाव-भूमिका यांवरच असते. 'जमा करा दाबा' असं कुणी म्हटलं, तर 'जमा करा' नावाची वस्तू पानात असावी लागते.

उत्तर आयबीएम आणि फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या लोकांकडून आलं. रिच श्वर्डटफेगर, बेकी गिब्सन, ॲरन लेव्हेंथाल ही यातली महत्त्वाची नावं. डेस्कटॉपवर १९९७ मध्ये झालेला नाव-भूमिका-अवस्थेचा करार वेबवर आणायचा, हा त्यांचा विचार. चौकोनाला 'रोल' नावाची खूण लावायची: ही वस्तू बटन आहे, ही टॅब आहे, ही सरकपट्टी आहे. जोडीला अवस्थेच्या खुणा: उघडी की मिटलेली, निवडलेली की नाही. कोऱ्या चौकोनावरही कीबोर्ड पोहोचेल अशी सोय. २००५ मध्ये आयबीएमने यासाठीचा बराच कोड फायरफॉक्सला दिला आणि त्या वर्षाअखेरच्या फायरफॉक्स १.५ मध्ये तो चालू लागला. २००६च्या सप्टेंबरमध्ये डब्ल्यूथ्रीसीने पहिला मसुदा काढला. नाव लांबलचक, 'ॲक्सेसिबल रिच इंटरनेट ॲप्लिकेशन्स'. या क्षेत्रातले लोक 'एरिया' म्हणतात.

एरियातली मला सर्वांत आवडणारी कल्पना 'लाइव्ह रीजन'ची. पानाचा कुठला भाग बदलला की बोलून सांगायचं, ते प्रोग्रामर ठरवतो, आणि कसं सांगायचं तेही. एक प्रकार अदबीचा: चालू वाक्य संपू दे, मग सांग, 'मसुदा साठवला'. दुसरा ठासून सांगण्याचा: मध्येच तोड आणि सांग, 'दोन मिनिटांत सत्र संपेल'. घरात पाहुणे बोलत असताना आपण कधी थांबतो आणि कधी मध्ये बोलतो, तोच विवेक कुणीतरी यंत्राच्या नियमांत उतरवला आहे.

मसुद्यापासून पक्क्या मानकापर्यंत साडेसात वर्षं लागली. एरिया १.० ला २० मार्च २०१४ रोजी मान्यता मिळाली, १.१ ला डिसेंबर २०१७ मध्ये, १.२ ला जून २०२३ मध्ये. मधल्या काळात बरंच घडलं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जॉजची किंमत न परवडणाऱ्या आमच्यासारख्यांच्या क्लासमध्ये तोच चालतो. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला आणि नुसत्या काचेवरही बोट फिरवून ऐकता येऊ लागलं. डब्ल्यूसीएजीची दुसरी आवृत्ती ११ डिसेंबर २००८ रोजी आली. तिने जावास्क्रिप्ट बंद ठेवायचा आग्रह सोडला आणि त्याऐवजी अट घातली: प्रत्येक साधनाचं नाव, भूमिका आणि अवस्था प्रोग्रामला कळली पाहिजे.

तरीही कॅलेंडर मुकंच का राहतं?

आपल्याकडे जत्रेला देवळासमोर नाटक होतं. राजाचा वेश चढवला, मुकुट घातला, म्हणून कुणी राजा उभा करू शकत नाही. संवाद पाठ हवेत, हालचाली बसवलेल्या हव्यात, तालमी झालेल्या हव्यात. 'रोल' या खुणेचं नेमकं हेच आहे. चौकोनावर 'मी बटन' अशी खूण लावली की स्क्रीन रीडर 'बटन' म्हणतो, पण एंटर किंवा स्पेस दाबल्यावर काय करायचं ते चौकोनाला कुणी शिकवलेलं नसतं. ती तालीम प्रोग्रामरनेच घ्यायची असते. अनेकदा ती होत नाही. मग ऐकणाऱ्याला 'बटन' ऐकू येतं, तो दाबतो, आणि काहीच घडत नाही. खूण नसती तर त्याने निदान दुसरी वाट शोधली असती. म्हणूनच एरिया वापरण्याचा पहिला नियम असा आहे की, एचटीएमएलमधलं मूळचं बटन चालत असेल तर एरियाला हात लावू नका. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. एरिया असलेल्या पानांवर सरासरी जास्त चुका सापडतात, असं तिला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. २०१९ मध्ये ९७.८ टक्के पानांवर यंत्राला सापडेल असा दोष होता. २०२४ मध्ये ९५.९ टक्के. पाच वर्षांत दोन टक्के. हा आकडा मला बोचतो.

कायदा या वाटेवर लवकर आला, पण हळू चालला. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने तक्रार केली आणि २००० मध्ये आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा भुर्दंड बसला. अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर माउसशिवाय खरेदी पूर्ण होत नाही म्हणून अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये खटला भरला. २००८ मध्ये तो ६० लाख डॉलरवर मिटला.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये आल्या, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून; त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, गोव्यात ३३ हजार. ते मोजमाप जुन्या, तोकड्या व्याख्येचं.

खरी मेख नियमांत होती. सूचना आहेत, पण त्या पाळायच्याच, असं कुठे? राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं यावर बोट ठेवलं. २०१७च्या नियमांतला १५वा नियम शिफारशींवर थांबतो आणि मूळ कायद्याला अभिप्रेत असलेली सक्ती करत नाही, म्हणून तो कायद्याशी विसंगत ठरवला, आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले. मग ३० एप्रिल २०२५चा निकाल. बँकेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या व्यक्तीने ते कसं करायचं? न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानली आणि २० निर्देश दिले. मला हा निकाल रतुरी निकालाइतकाच मोलाचा वाटतो, कारण तो पानावरच्या एका बारीक कृतीपर्यंत उतरतो.

गोव्यात हा विषय लोकांसमोर ठळकपणे आला तो पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवामुळे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला झाला, आणि रॅम्प, व्हीलचेअर, सांकेतिक भाषा हे शब्द वर्तमानपत्रांत नित्याचे झाले. रॅम्प डोळ्यांना दिसतो. पानातली मुकी खूण दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी ओरड कमी होते.

आणि आपला एक वेगळाच गुंता आहे, जो लंडन-न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या मानककर्त्यांना जाणवला नसता. गोव्यातल्या एकाच पानावर मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी आणि इंग्रजी अशा चारही गोष्टी असू शकतात. लिपी पाहून मराठी की कोकणी हे यंत्राला उमगत नाही. स्क्रीन रीडर आवाज निवडतो तो पानात लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून. तिथे इंग्रजी लिहिलं असेल तर मराठी मजकूर वेड्यावाकड्या उच्चारात येतो, कधी चक्क गाळला जातो. पानाची भाषा सांगणं ही डब्ल्यूसीएजीची सर्वांत खालच्या, म्हणजे अगदी किमान पातळीची अट आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या मजकुराची दशा याहून वाईट: डोळ्यांना मराठी, यंत्राला इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यातच तयार कॅलेंडर बाहेरून आणून बसवलं की त्याची एरियातली नावं इंग्रजीच राहतात. सगळा अर्ज मराठीत आणि मध्येच 'नेक्स्ट मंथ, बटन'.

कीबोर्डने तारीख थेट लिहिता येईल अशी साधी चौकट कॅलेंडरशेजारी ठेवली असती, तर त्या दिवशी एवढं काहीच झालं नसतं. एचटीएमएलमध्ये तारखेची स्वतःची चौकटही आता आहे.

तो मुलगा आता नोकरी करतो. कुठलाही नवा अर्ज समोर आला की एक अक्षरही टाइप न करता तो आधी टॅब दाबत शेवटपर्यंत जाऊन येतो. 'जमा करा, बटन' कानावर पडलं, की वर परतून नावापासून सुरुवात करतो.