आधी जाळी, मग कोट

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आत जाताना आधी केसांवर जाळी, मग बूट, मग हात धुणं आणि शेवटी कोट, असा क्रम बऱ्याच ठिकाणी असतो. नव्या माणसाला तो निव्वळ सोपस्कार वाटतो. पण आपले रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. कोट आधी चढवला, तर जाळी बसवताना सुटलेले केस खांद्यावर पडणार आणि तिथून मालात. त्या कोटाला छातीवर खिसा नसतो, कारण वाकल्यावर पेन पडतं. जखमेवरची पट्टी निळी, कारण निळ्या रंगाचं अन्न क्वचितच असतं. शिवाय तिच्यात धातूचा पातळ थर असतो, म्हणजे नजरेतून सुटली तरी मेटल डिटेक्टर पकडतो.

दिसणाऱ्या गोष्टींचं असं सोपं असतं. पंचाईत होते ती न दिसणाऱ्यांची. धडधाकट माणसांपैकी सुमारे 20 ते 30 टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू बिनबोभाट राहतो. नाकाला लागलेला हात शिजलेल्या पदार्थाला लागला आणि तो पदार्थ काही तास उबेत राहिला, की जिवाणू वाढतात आणि विष सोडतात. नंतर उकळलं तर जिवाणू मरतात, विष मात्र टिकून राहतं. ‘पुन्हा गरम करू की’ हे इथे चालत नाही.

हातमोजे घातले म्हणजे भागलं, हाही असाच एक समज. मोज्याच्या हाताने दाराची कडी धरली, तर मोजाही हाताइतकाच मळतो. फरक एवढाच, की मळलेलं हाताला जाणवतं, मोज्याला नाही.

नोरोव्हायरस तर आणखी चिवट. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी उलट्या-जुलाब सुरू होतात. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही. साबणाने चोळून, भरपूर पाण्याने हात धुवावे लागतात. त्रास थांबल्यावरही विष्ठेतून विषाणू बाहेर पडतच राहतो, म्हणून किमान 48 तास कामावर यायचं नाही असा नियम करतात. आणि इथेच पाणी मुरतं. सुपरवायझर विचारतो, ‘पोट बरं आहे ना?’ दोन दिवसांची मजुरी बुडणार असेल, तर उत्तर ‘हो’ असंच येणार.

मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची गोष्ट याच अंगाने वाचायला हवी. तिला स्वतःला काही होत नव्हतं, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये तिला वेगळं ठेवलं आणि पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर 1910 मध्ये सोडलं. कपडे धुण्याच्या कामात पैसे कमी मिळायचे. ती नाव बदलून पुन्हा चुलीशी उभी राहिली. 1915 मध्ये ती काम करत होती त्या प्रसूतिगृहात 25 जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावले. मग 1938 मध्ये मरेपर्यंत ती कोंडलेलीच राहिली. तिला हट्टी म्हणतात, आणि होतीही. पण अट घालणाऱ्यांनी तिच्या पोटाची सोय केली नव्हती. आजारपणाची पगारी रजा हे मला तरी भिंतीवरच्या कुठल्याही पोस्टरपेक्षा भारी स्वच्छतेचं साधन वाटतं.

तपासणीचंही एक गमतीचं तंत्र आहे. धुतलेल्या टेबलावरून बोळा फिरवतात आणि तो काजव्याला उजेड देणाऱ्या ल्युसिफरेज या विकरात बुडवतात. अन्नाचे किंवा जिवाणूंचे अंश उरले असतील तर त्यातल्या एटीपी या रसायनामुळे विकर उजेड पाडतं आणि यंत्रावर काही सेकंदांत आकडा येतो. विषाणू मात्र यात सापडत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःचं एटीपी नसतं.

राहता राहिले पाहुणे: दुरुस्तीला आलेला मेकॅनिक, खरेदीदार, ऑडिटर आणि ‘पाच मिनिटांसाठीच’ आत डोकावणारे मोठे साहेब. लिस्टेरिया हा जिवाणू ओल्या फरशीत, गटाराच्या जाळीत ठाण मांडतो, फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि बुटांच्या तळव्यांवरून फिरतो. म्हणून पाहुण्यांना आधी तयार मालाकडे नेतात, कच्च्या मालाकडे नंतर. उलट कधीच नाही. 2020 मध्ये कोडेक्स अलिमेंटारियस या जागतिक संहितेने अन्न-स्वच्छतेच्या मूलतत्त्वांत ‘अन्नसुरक्षा संस्कृती’ आणली आणि सुरुवात व्यवस्थापनापासून केली. दारावरच्या माणसाने जाळी न घातलेल्या साहेबांना अडवलं आणि त्यावर त्याला शाबासकी मिळाली की बोलणी बसली, हे शिफ्ट सुटेपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलेलं असतं.