हर्नियाचं ऑपरेशन: दुर्बिणीचं की टाक्याचं, आणि जखम पिकते कधी?

माझ्या वडिलांच्या पोटावर दोन्हींच्या खुणा आहेत. उजव्या जांघेत बोटभर तिरका व्रण, आणि बेंबीखाली एका रेषेत तीन ठिपके. उजवीकडचा हर्निया उघड्या पद्धतीने केला होता, डावीकडचा आठ वर्षांनी दुर्बिणीतून. दुसऱ्या वेळी आम्ही निर्धास्त होतो. एवढंसं छिद्र, ते काय पिकणार? पण पिकलं ते तेच.

आतलं काम दोन्हींत सारखंच. बाहेर आलेला भाग आत सारायचा आणि कमकुवत जागेवर जाळी बसवायची. उघड्या ऑपरेशनात जांघेवर पाच-सहा सेंटिमीटरचा छेद घेऊन जाळी स्नायूंच्या पुढच्या बाजूला, कातडीपासून फारशी खोल नाही अशी बसते. दुर्बिणीत १० मिलिमीटरचं एक आणि ५ मिलिमीटरची दोन छिद्रं असतात. गुंडाळलेली जाळी नळीतून थेट स्नायूंच्या मागे जाते, कातडीला जवळपास लागतच नाही. त्यामुळे टाके पिकण्याचं प्रमाण दुर्बिणीत कमी, हे खरंच आहे. मात्र जांघेच्या साध्या हर्नियात हा धोका मुळातच थोडा, म्हणून दोन्हींतलं अंतरही थोडंच. जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून आलेल्या पोटावरच्या हर्नियात ते ठळक दिसतं, कारण तिथे उघड्या पद्धतीत कातडी बरीच मोकळी करावी लागते. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जांघेच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनाआधी प्रतिबंधक अँटिबायोटिक लागत नाही.

लोकांचा खरा घोटाळा होतो तो पिकण्याच्या वेळेत.

उघडी जखम पिकायची तर बहुधा पहिल्या पंधरवड्यात पिकते. लाल होते, ठणकते, हाताला गरम लागते, मग पू येतो. जंतू बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरचे असतात. एखादा टाका काढून पू मोकळा केला, ड्रेसिंग आणि औषध नीट झालं की सहसा आटोक्यात येतं.

दुर्बिणीच्या छिद्राशी होणारा एक संसर्ग मात्र वेगळाच, आणि आपल्या देशात डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा. वडिलांना चौथ्या आठवड्यात बेंबीखाली हरभऱ्याएवढी गाठ आली. ताप नाही, ठणका नाही. बनियनला रोज पाणचट डाग. भोक बुजायचं, आठवड्याने पुन्हा फुटायचं. नेहमीच्या गोळ्यांचे दोन कोर्स वाया गेले. शेवटी निघाले क्षयाच्या जंतूचे भाऊबंद, पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया. दुर्बिणीच्या हत्यारांना लांब नळ्या, सांधे आणि वरून प्लास्टिकचं आवरण असतं. त्यातली बरीच वाफेच्या उष्णतेत टिकत नाहीत म्हणून ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवतात. सांध्यात रक्ताचा कण राहिला, द्रावण जुनं झालं किंवा हत्यारं शेवटी साध्या पाण्याने खळबळली, की हे जंतू टिकून राहतात. वडिलांना क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीला आणखी एक औषध काही महिने घ्यावं लागलं. जाळी वाचली.

ऑपरेशननंतर जांघेत परत फुगवटा दिसला की ‘पिकलं’ किंवा ‘हर्निया परत आला’ अशी घबराट होते. बऱ्याचदा ते रिकाम्या जागेत साठलेलं पाणी असतं, दुर्बिणीनंतर तर हमखास ऐकू येणारी तक्रार. दुखत नसेल, लाली-ताप नसेल तर ते काही आठवड्यांत जिरतं. उगाच सुई घालून काढू नये, सुईबरोबर जंतू आत जाऊ शकतात.

जाळीच पिकणं दोन्हींत विरळा, पण झालं तर कधी कधी ती काढावी लागते. म्हणून महागडी जाळी सुरक्षित असं मात्र नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. पुढे युगांडातल्या पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची तुलना महागडीशी झाली, २०१६ साली निष्कर्ष आले आणि गुंतागुंतींत लक्षणीय फरक दिसला नाही.

ऑपरेशनाआधी साखर ताब्यात आणा, सिगारेट-तंबाखू सोडा, घरी वस्तऱ्याने केस काढू नका. दुर्बिणीचं असेल तर हत्यारं कशी निर्जंतुक करता, हे सर्जनना सरळ विचारा. आणि महिन्याभराने छिद्रातून पाणी येऊ लागलं तर तिसरा कोर्स सुरू करण्याआधी पू तपासणीला पाठवायला सांगा, चिठ्ठीवर ‘मायकोबॅक्टेरियासाठीही’ असं लिहून घ्या. ते न लिहिल्यामुळे आमचे पाच आठवडे गेले.