मेंदूतील कार्यस्थाननिश्चिती

मेंदूतील कार्यस्थाननिश्चिती : बोलणे, पाहणे, हालचाल करणे, आठवणे इ. क्रियांचा मेंदूच्या विशिष्ट भागांशी संबंध जोडण्याची पद्धत. तसेच असा संबंध असतो हे मत. वर्तनाला मेंदूचा आधार आहे हे आता वादातीत आहे. वाद आहे तो कोणती क्रिया किती आखीव जागेशी निगडित आहे, याविषयी. श्वसनासारख्या जीवनावश्यक क्रियांची केंद्रे मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदू व मेरुरज्जू जोडणाऱ्या देठासारख्या भागात, आहेत, याबाबत फारसा मतभेद नाही. म्हणून येथे मुख्यतः प्रमस्तिष्काच्या (मेंदूच्या सर्वांत मोठ्या, वरच्या भागाच्या) बाह्यकाचा, म्हणजे पृष्ठभागावरील करड्या थराचा, विचार केला आहे.

डोक्याची जखम आणि वाचा जाणे यांची एकत्र नोंद एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन हस्तलिखितात आढळते. उपलब्ध प्रत इ.स.पू. सुमारे १६०० मधील असावी. भाषेच्या जुन्या रूपांवरून मूळ संहिता त्याहून बरीच जुनी मानतात, मात्र ती किती जुनी याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तीत कानशिलाला इजा झालेल्या, विचारले तरी न बोलणाऱ्या रुग्णाचे वर्णन आहे. एवढ्यावरून ईजिप्शियन वैद्यांना वाचेचे स्थान ठाऊक होते असे काही लेखक सुचवतात, ते ताणलेले वाटते. विचाराचे स्थान ते हृदयातच मानत. चरकसंहितेतही चेतनेचे स्थान हृदय हेच आहे. भेलसंहितेत मात्र मन मस्तक व टाळू यांच्या दरम्यान असल्याचे म्हटले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस नेमेसियस या सिरियातील बिशपने कल्पना, विचार व स्मृती या शक्ती मेंदूतील पोकळ्यांना वाटून दिल्या. हे मत यूरोपात व अरबी वैद्यकात हजारभर वर्षे टिकले.

आधुनिक चर्चेची सुरुवात फ्रान्ट्स योझेफ गाल (१७५८–१८२८) याच्यापासून धरण्याचा प्रघात आहे. मेंदू हा सत्तावीस स्वतंत्र शक्तींच्या अवयवांचा समूह असून जो अवयव मोठा त्याच्यावरची कवटी उंचावते, असे तो व्हिएन्नात शिकवीत असे. त्याची व्याख्याने तेथे बंद पाडण्यात आली व पुढे तो पॅरिसला स्थायिक झाला. त्याचा सहकारी श्पुर्ट्सहाइम याने या मताला फ्रेनॉलॉजी म्हणून लोकप्रिय केले आणि कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगण्याचा धंदाच सुरू झाला. उंचवट्यांचा भाग निखालस चूक होता. तरीही बाह्यक एकजिनसी नाही, हा गालचा मूळ आग्रह पुढे खरा ठरला, आणि शरीररचनाशास्त्रज्ञ म्हणून त्याचे विच्छेदनकौशल्य त्याच्या विरोधकांनीही मान्य केले होते.

या विरोधकांपैकी प्येर फ्लूरांस (१७९४–१८६७) याने कबुतरे व इतर प्राणी यांच्या मेंदूचे भाग क्रमाने काढून पाहिले. अनुमस्तिष्क (मेंदूचा मागचा, खालचा लहान भाग) काढल्यावर हालचालीतील सुसूत्रता जाते, हे त्याने दाखवले. प्रमस्तिष्काचे तुकडे काढले असता मात्र एकेक शक्ती वेगळी न जाता सर्वच मंदावत. यावरून प्रमस्तिष्क अखंडपणे काम करते, असा निष्कर्ष त्याने काढला. ज्या प्राण्यांवर प्रयोग झाले त्यांचे बाह्यक फारसे विकसित नसते, हा आक्षेप पुढे आला. पण त्या काळी फ्लूरांसच्या मताला मोठा मान होता.

वाचाकेंद्र व अग्रक्रमाचा वाद : १८२५ मध्ये झां बातीस्त बूयो याने वाचा ललाट खंडांवर, म्हणजे प्रमस्तिष्काच्या कपाळामागील भागांवर, अवलंबून असते, असे प्रतिपादन केले. हे खोटे पाडणाऱ्यास त्याने पुढे ५०० फ्रँकांचे बक्षीसही लावले. त्याचा जावई ओबुर्तँ याने १८६१ मध्ये पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळात तोच मुद्दा लावून धरला. त्याच सुमारास, ११ एप्रिल रोजी, बिसेत्र रुग्णालयातील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका (१८२४–८०) याच्या विभागात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण पायाच्या गंभीर संसर्गामुळे हलवण्यात आला. त्याची वाचा वीस वर्षांपूर्वीच गेली होती. कोणत्याही प्रश्नाला तो ‘तां, तां’ एवढेच उत्तर देई. खूप चिडला तर एखादी शिवी बाहेर पडे. सांगितलेले मात्र त्याला बहुतांशी समजत होते. १७ एप्रिलला तो मरण पावला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू मंडळापुढे ठेवला. डाव्या ललाट खंडाच्या खालच्या भागात मोठी विकृती होती.

दुसरा रुग्ण, लेलाँ, ८४ वर्षांचा होता. त्याच्याकडे मोजून पाच शब्द उरले होते, आणि कोणत्याही संख्येसाठी तो ‘तीन’ या अर्थाचा मोडका शब्द वापरी. मुले किती, असे विचारल्यावर तो ‘तीन’ म्हणाला आणि चार बोटे वर केली. संख्या त्याला ठाऊक होती, तोंडून मात्र निघत नव्हती. बुद्धी शाबूत राहून उच्चारित भाषाच जाऊ शकते, याचा इतका स्वच्छ दाखला त्यापूर्वीच्या वाङ्मयात क्वचितच मिळतो. याच्याही मेंदूत विकृती त्याच जागी आढळली.

विकृती डाव्या बाजूलाच का, हा प्रश्न मात्र १८६१ मध्ये ब्रोकाने उपस्थित केलेला नाही. २ एप्रिल १८६३ रोजी आठ रुग्णांची माहिती देताना आठही विकृती डावीकडे असल्याचे त्याने नमूद केले, पण निष्कर्ष काढण्यास तो धजला नाही. त्याआधी काही दिवस, मार्च १८६३ मध्ये, दक्षिण फ्रान्समधील वैद्य ग्यूस्ताव्ह डाक्स याचा निबंध पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे पोहोचला होता. आपले वडील मार्क डाक्स यांनी चाळीसहून अधिक रुग्णांवरून, वाचा जाण्याचा संबंध मेंदूच्या डाव्या गोलार्धाशी असतो हा नियम १८३६ मध्ये माँपेल्ये येथील परिषदेत मांडला होता, असा त्याचा दावा होता. अकादमीच्या समितीने निबंध दीड वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतला आणि अखेर तुच्छतेने निकालात काढला. पितापुत्रांचे लेखन एप्रिल १८६५ मध्ये छापले गेले. डाव्या गोलार्धाविषयीचा ब्रोकाचा विस्तृत निबंध त्याच वर्षी जूनमध्ये आला.

मार्क डाक्स १८३७ मध्येच वारला होता. ब्रोकाने माँपेल्ये येथे चौकशी केली, तेव्हा परिषदेत असे वाचन झाल्याचा मागमूस लागला नाही. मात्र तेथील वैद्यक विद्याशाखेच्या एका अधिष्ठात्याच्या कागदपत्रांत पुढे निबंधाची प्रत सापडल्याचे नोंदले गेले. तेव्हा निबंध लिहिला गेला व मित्रांत फिरला, पण जाहीरपणे वाचला गेला नसावा, हे मत अधिक संभाव्य दिसते. ब्रोकाने डाक्सचे लेखन दडपले, या आरोपाला सबळ पुरावा नाही. नियम प्रथम लक्षात आल्याचे श्रेय थोरल्या डाक्सला आणि शवविच्छेदनाच्या आधारे जागा दाखवल्याचे श्रेय ब्रोकाला देणे सयुक्तिक ठरेल.

१८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके (१८४८–१९०५) याने शंख खंडाच्या (कानशिलाजवळील भागाच्या) वरच्या वळीतील विकृतीने होणारा वेगळा वाचाघात, म्हणजे भाषेचा बिघाड, वर्णन केला. त्यात बोलणे ओघवते पण अर्थहीन असते आणि ऐकलेले उमगत नाही. दोन केंद्रे व त्यांना जोडणारे तंतू, या त्याच्या आराखड्याने वर्तन हे एका जागेचे नसून जागांमधील दळणवळणाचे काम आहे, ही कल्पना रूढ केली.

प्रायोगिक पुरावा : १८७० मध्ये फ्रिच व हिट्सिख यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या बाह्यकाला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन विरुद्ध बाजूच्या स्नायूंची हालचाल घडवून आणली. डेव्हिड फेरियर (१८४३–१९२८) याने माकडांवर असे प्रयोग केले. १८८१ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत फेरियर व स्थाननिश्चितीचा विरोधक गोल्ट्स यांनी आपापले प्राणी प्रत्यक्ष दाखवले. फेरियरचे अर्धांगवायू झालेले माकड सभेला अधिक पटले. उलट बाजूने कार्ल लॅश्ली (१८९०–१९५८) याला उंदरांच्या भुलभुलैयात आढळले, की शिकलेले विसरण्याचे प्रमाण बाह्यकाचा कोणता भाग काढला यापेक्षा किती काढला यावर अवलंबून असते. भुलभुलैयात उंदीर डोळे, मिशा, वास सगळेच वापरतो, हे लक्षात घेता या निष्कर्षाची व्याप्ती मर्यादित ठरते.

या साऱ्या पुराव्यावर ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) याचा इशारा आजही लागू आहे. वाचा नष्ट करणाऱ्या विकृतीची जागा सापडणे आणि वाचेची जागा सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत, असे त्याने बजावले होते. इजा दाखवते ती कोणत्या भागावाचून क्रिया अडते एवढेच. सामान्य पाठ्यपुस्तकांत हा भेद बहुधा पुसला जातो.

स्मृतीबाबत निर्णायक ठरलेला रुग्ण हेन्री मोलेसन. अपस्मारासाठी (फेफऱ्यासाठी) १९५३ मध्ये त्याच्या दोन्ही शंख खंडांचा आतला भाग, अश्वमीन या संरचनेच्या बऱ्याच अंशासह, काढण्यात आला. त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनात. तरी आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्यात तो दिवसागणिक तरबेज होत गेला. आधी हे केल्याचे त्याला आठवत नसे. प्रसंगांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती यांची यंत्रणा वेगळी असल्याचे यावरून दिसले. स्वभावाबाबत पुरावा इतका भक्कम नाही. नेहमी उद्धृत होणाऱ्या फिनिआस गेज या अमेरिकी रेल्वे मुकादमाच्या कवटीतून १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुमारे सहा किलोग्रॅमची लोखंडी पहार आरपार गेली व तो पार बदलला, असे सांगतात. समकालीन नोंदी मात्र त्रोटक आहेत, आणि पुढे चिलीमध्ये त्याने काही वर्षे घोडागाडी हाकली हे ध्यानात घेता, तो कायमचा बेजबाबदार झाला हे कथन अतिरंजित असावे.

ब्रोकाने जपून ठेवलेल्या दोन्ही मेंदूंची चुंबकीय प्रतिमा २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. विकृती पृष्ठभागापेक्षा बरीच खोलवर, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत, पसरलेली होती. जिवंत मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या कार्यदर्शी प्रतिमांचा उपयोग १९९० नंतर वाढला. एखाद्या कामाच्या वेळी कोणता भाग सक्रिय होतो हे त्यांवरून कळते, पण तो भाग त्या कामाला आवश्यक आहे का, हे केवळ प्रतिमेवरून ठरत नाही.

मेंदूतील गाठ किंवा अपस्माराचा भाग काढताना म्हणूनच आवश्यक तेथे प्रत्यक्ष चाचणी घेतात. माँट्रिऑल येथे मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) याने ही पद्धत पद्धतशीरपणे वापरली. मेंदूला स्वतःला वेदना होत नसल्याने रुग्ण जागा ठेवता येतो. त्याला चित्रे दाखवून नावे विचारतात आणि विद्युत्‌अग्र एकेका ठिकाणी टेकवतात. नाव अडले की त्या ठिकाणी आकडा लिहिलेली कागदाची बारीक चकती ठेवतात. अशा ११७ रुग्णांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भाषेच्या जागा व्यक्तीगणिक बऱ्याच बदलतात आणि कित्येकदा त्या रूढ नकाशातील सीमांमध्ये बसत नाहीत, असे आढळले.