जत्रेतला डबा कोणी खाल्ला? ‘क्रोनो ट्रिगर’ची पार्श्वभूमी

इसवी सन 1000. गार्डिया राज्यात सहस्रकाची जत्रा भरलीय. घंटा वाजतेय, तंबूंतून गाणी ऐकू येतायत, शर्यतींवर पैजा लागतायत. एका टेबलावर कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला आहे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप बटणाकडे जातो. दिसेल ते उचलायचं, उघडायचं, खायचं, ही या खेळांची सवयच. मीही खाल्ला. शक्ती भरून आली, पुढे गेलो.

थोड्या वेळाने नायक क्रोनो राजकन्येच्या अपहरणाच्या आरोपाखाली कोर्टात उभा राहतो आणि सरकारी पक्ष साक्षीदार बोलावतो. एक म्हातारा येऊन सांगतो की या पोराने माझा डबा खाल्ला. हरवलेलं मांजर एका पोरीला शोधून दिलं असेल, तर तीही साक्षीला येते. राजकन्येला धक्का लागला तेव्हा आधी तिला उठवलंत की तिचं खाली पडलेलं लॉकेट उचललंत, याचीही नोंद झालेली असते. जत्रेत आपण जे जे सहज केलं, ते सगळं खेळाने गुपचूप वहीत लिहून ठेवलं होतं.

‘क्रोनो ट्रिगर’ हा जपानी आरपीजी 11 मार्च 1995 ला सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला. आरपीजी म्हणजे पात्रं घडवत, लढाया करत, लांबलचक गोष्ट पुढे नेत खेळायचा खेळ. तिशी उलटल्यावर मी तो पुन्हा खेळायला घेतला, तेव्हा जुन्या आठवणींच्या गोडव्यावर चार दिवस काढून सोडून देईन असं वाटलं होतं. तसं झालं नाही. का झालं नाही, याचं उत्तर शोधताना खेळाच्या जन्मकथेत शिरावं लागलं.

1980 च्या दशकाच्या अखेरीस जपानी आरपीजीत दोन घराणी होती. एनिक्स कंपनीचं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ 1986 चं, स्क्वेअर कंपनीचं ‘फायनल फँटसी’ 1987 चं. पहिल्याची मांडणी युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची. होरी मूळचे ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात लिहिणारे, आणि तोरियामांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा त्याच साप्ताहिकात 1984 पासून चाललेली. दुसऱ्या घराण्याचे प्रमुख हिरोनोबु साकागुची. स्पर्धा अशी की एकाचा गवई दुसऱ्याच्या मैफलीत बसेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

1992 मध्ये साकागुची, होरी आणि तोरियामा कॉम्प्युटर ग्राफिक्स काय म्हणतंय ते बघायला एकत्र अमेरिकेला गेले. तिथे ठरलं की कुणी केलं नाही असं काहीतरी आपण मिळून करू. ठरवणं सोपं होतं, पण वर्षभर गाडी अडचणींच्या यादीपाशीच अडली. मग काझुहिको आओकी यांनी निर्माता व्हायची तयारी दाखवली, चौघं चार दिवस एकत्र बसले आणि खेळ मार्गी लागला. जाहिरातीत या मंडळींना ‘ड्रीम टीम’ म्हटलं गेलं. जाहिरातवाल्यांचे शब्द मी सहसा गंभीरपणे घेत नाही, हा घेतो.

काळातून प्रवास ही कल्पना होरींची. अशा कथांचं त्यांना पहिल्यापासून वेड. त्यांच्या आराखड्यावर बरीचशी गोष्ट लिहिली ती मासातो काटो यांनी. इसवी सनापूर्वी 12,000 मधलं, ढगांवर तरंगणारं झील नावाचं जादूचं राज्य तर सगळंच्या सगळं काटोंचं. पडद्यावर हे उभं करायला ताकाशी तोकिता, योशिनोरी कितासे आणि अकिहिको मात्सुई असे तीन दिग्दर्शक होते. तीन दिग्दर्शक म्हटलं की खिचडी होणार असं आपल्याला वाटतं, पण इथे डाळ-तांदूळ वेगवेगळे मोजता येत नाहीत इतकी ती एकजीव झालीय.

एवढी मोठी गोष्ट मावायची कुठे? सुपर फॅमिकॉमचे खेळ कार्ट्रिजवर यायचे. आपल्याकडे ज्याला ‘कॅसेट’ म्हणायचे, तोच प्रकार. आधी 24 मेगाबिटची कॅसेट ठरली होती, ती वाढवून 32 मेगाबिटची केली. म्हणजे 4 मेगाबाइट. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढ्या जागेत डायनासोरच्या काळापासून इसवी सन 2300 पर्यंतचं जग, सात खेळाडू, शेकडो शत्रू, साठेक धून आणि डझनभर शेवट.

पुन्हा खेळताना जागेच्या या टंचाईचा दुसरा चेहरा दिसतो. 600 सालचा नकाशा आणि 1000 सालचा नकाशा जवळजवळ सारखाच. तोच पूल, तोच किल्ला, किनाऱ्यावरची तीच वस्ती. मेमरी वाचवायला हे सोयीचं होतंच. पण काळाच्या गोष्टीत तीच जागा पुन्हा दिसणं हाच तर गाभा आहे. मोहर लावलेल्या काही पेट्या दोन्ही काळांत असतात. 600 सालात पेटी उघडून ऐवज उचललात, तर चारशे वर्षांनी ती रिकामी मिळणार. न उचलता नुसती जागवून ठेवलीत, तर 1000 सालात त्यातून जास्त चांगली वस्तू निघते, आणि मग मागे जाऊन मूळचीही घेता येते. पोरे गावात 600 सालात एका बाईला सुकवलेलं मटण पैसे न घेता दिलं, तर चारशे वर्षांनंतरचा त्या गावचा कंजूष प्रमुख उदार निघतो. चांगुलपणा वंशात उतरतो, हे खेळाने एकही भाषण न देता सांगितलं. पहिल्या वेळी मी मटण 10,000 ला विकलं होतं, हेही कबूल करतो.

लढायांचंही तेच. त्या काळच्या आरपीजीत चालता चालता अचानक पडदा फिरायचा आणि न दिसलेले शत्रू समोर उभे राहायचे. दहा पावलांवर एक लढाई, पुन्हा दहा पावलांवर दुसरी. जुने खेळ आज हातात धरवत नाहीत त्याचं निम्मं कारण हे. ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये शत्रू बहुतेक वेळा तिथेच, त्याच पडद्यावर दिसतो आणि लढाई तिथल्या तिथे सुरू होते. दोघांनी किंवा तिघांनी मिळून करायचे वार असल्यामुळे कुणाला बरोबर न्यायचं, हा प्रश्नही रटाळ होत नाही.

शेवट डझनभर का? काटोंना खरं तर गोष्टीलाच फाटे फोडायचे होते, पण ते जमेना. म्हणून शेवट अनेक ठेवले. लाव्होस या जगबुडी आणणाऱ्या राक्षसाला तुम्ही केव्हा हरवता, त्यावर शेवट ठरतो. एकदा खेळ संपवलात की कमावलेली ताकद आणि हत्यारं घेऊन पहिल्यापासून सुरू करता येतं. या सोयीला त्यांनी ‘न्यू गेम प्लस’ नाव दिलं. आज कुठल्याही मोठ्या खेळात हा शब्द दिसतो, तो रुळला इथून. या वाटेने फार लवकर लाव्होसला पाडलंत तर एका शेवटात खेळ बनवणारी मंडळीच पात्रांच्या रूपात भेटतात आणि गप्पा मारतात.

खरी नाट्यमय कहाणी मात्र संगीताची आहे. यासुनोरी मित्सुदा हा विशीतला मुलगा 1992 मध्ये स्क्वेअरमध्ये लागला, पण कामाला जुंपला गेला ध्वनिपरिणामांवर. तलवारीचा खणखणाट, दाराची करकर. शेवटी त्याने साकागुचींना सांगून टाकलं की संगीत द्यायला मिळालं नाही तर नोकरी सोडतो. त्याला हा खेळ मिळाला. मग तो इतका झपाटून कामाला लागला की पोटात अल्सर झाला, आणि त्यात हार्ड डिस्क बिघडून चाळीसेक अर्धवट धूनही गेल्या. उरलेलं काम ‘फायनल फँटसी’चे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी पुरं केलं. साधारण दहा धून त्यांच्या.

सुपर फॅमिकॉमला एका वेळी आठच आवाज वाजवता येत आणि ध्वनीसाठी मेमरी होती 64 किलोबाइट. त्या चिमूटभर जागेत झीलची धून आहे. तिच्या सुरुवातीला सतारीसारखा नाद येतो. कानाला सतारीची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना तो खोटा आहे हे लगेच कळतं, आणि तरी ती धून डोक्यातून जात नाही. बेडूक झालेल्या सरदाराची धून तर 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात खेळाडूंच्या संचलनाला वाजली.

बेडकावरून भाषांतराची गंमत आठवली. 1995 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेली इंग्रजी आवृत्ती टेड वूल्झी यांनी केली, आणि त्यांना वेळ फारच थोडा मिळाला होता. मूळ जपानीत बेडूक साध्या, थोड्या रांगड्या भाषेत बोलतो. वूल्झींनी त्याच्या तोंडी जुन्या सरदारी थाटाचं इंग्रजी घातलं, जणू आपल्याकडच्या ऐतिहासिक नाटकातला मावळा. पुढच्या अधिकृत भाषांतरात ते काढून टाकलं, तेव्हा अनेकांना चुकल्यासारखं झालं. मलाही. मूळ जपानीत खलनायकाच्या तीन सरदारांची नावं व्हिनेगर, सोया सॉस आणि मेयोनेझवरून ठेवलेली आहेत. आपल्याकडे असतं तर त्यांची नावं लोणचं, पापड, चटणी झाली असती.

जपानमध्येच खेळाच्या 20 लाखांहून जास्त कॅसेट खपल्या. युरोपात तो तेव्हा आलाच नाही. तिथल्या लोकांना अधिकृत आवृत्ती मिळाली ती थेट 2009 मध्ये, निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर.

खुद्द कंपनीही या खेळाकडे वारंवार परत आली, आणि दर वेळी शहाणपणाने आली असं नाही. 1999 च्या प्लेस्टेशन आवृत्तीत तोएई या स्टुडिओची सुंदर ॲनिमेशन दृश्यं होती, पण मेनू उघडायचा तरी डिस्कची वाट बघत बसा. 2008 ची डीएस आवृत्ती सगळ्यात नीट. 27 फेब्रुवारी 2018 ला कसलीही पूर्वसूचना न देता खेळ संगणकावर, स्टीम या ऑनलाइन दुकानात आला, तेव्हा लोक उड्या मारत गेले आणि चिडून परतले. मोबाइलवरची आवृत्ती जवळपास तशीच उचलून आणलेली होती. पात्रांच्या कडा गुळगुळीत करून पुसट केलेल्या, जमिनीच्या चौकटींमध्ये फटी, बोटाने दाबायचे मेनू. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत एकामागून एक पॅच देऊन ते सावरावं लागलं. त्या काळच्या चित्रकारांनी एकेक ठिपका मोजून बसवला होता. तो पुसट केला की चित्र सुधारत नाही, हे कळायला इतका गोंधळ का लागावा?

आपल्याकडे 1990 च्या दशकात घरोघरी होता तो ‘टीव्ही गेम’ म्हणजे आधीच्या पिढीच्या यंत्राची स्वस्त नक्कल. त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा. सुपर फॅमिकॉम दुकानात पाहिल्याचं मला आठवत नाही. आम्हाला हा खेळ भेटला 2003 च्या सुमारास पुण्यातल्या हॉस्टेलवर, झेडस्नेस नावाच्या एम्युलेटरमुळे, म्हणजे संगणकाला त्या जुन्या यंत्राची नक्कल करायला लावणाऱ्या प्रोग्रॅममुळे. चार मेगाबाइट हा आकार तेव्हा वरदानच होता, कारण फोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटवर तेवढंच उतरायचं. हे कायद्यात बसत नाही, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. टीव्हीवर ‘ड्रॅगन बॉल झी’ लागायचं, त्यामुळे क्रोनोचे उभे केस बघून खोलीतला प्रत्येक जण म्हणायचा, “अरे, हा तर गोकूचा भाऊ!” तोरियामा 1 मार्च 2024 ला गेले, तेव्हा त्या खोलीतल्या चौघांनी वीस वर्षांनी एकमेकांना फोन केले.

मी पुन्हा खेळलो तो मामेभावाने अमेरिकेहून आणलेल्या जुन्या डीएसवर. डबा नाही खाल्ला. मांजर शोधून दिलं. कोर्टाने निर्दोष ठरवलं, आणि तरीही मंत्र्याने तुरुंगात टाकलंच.

सगळ्यात आधी गाठायचा होता तो एक प्रसंग. 600 सालात एक बाई वाळवंटात जंगल उभं करायची धडपड करत असते. रोबो नावाचा यंत्रमानव तिच्या मदतीला मागे राहतो. बाकीचे काळयंत्रात बसून क्षणात 1000 सालात पोचतात, पण रोबो ती चारशे वर्षं राबून तिथे पोचलेला असतो. वाळवंटाच्या जागी जंगल, आणि त्यात गंजलेला रोबो देवासारखा ठेवलेला. त्याला दुरुस्त केल्यावर रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात. मग सगळे झोपल्यावर क्रोनोची मैत्रीण लुक्का एकटी उठते आणि एका लाल दारातून 990 सालात, स्वतःच्या लहानपणीच्या घरात पोचते. आईचा झगा यंत्रात अडकलाय. यंत्र थांबवायला परवलीचा शब्द हवा, आणि तो म्हणजे आईचं नाव, लारा. कंट्रोलरवरची बटणं दाबून लिहायचं: एल, ए, आर, ए.

हॉस्टेलवर कीबोर्डवरचं कुठलं बटण म्हणजे एल, हेच मला माहीत नव्हतं. चाचपडेपर्यंत वेळ संपली, आईचे पाय गेले. खेळ थांबला नाही, ‘हरलात’ असंही म्हणाला नाही. मला वाटलं, गोष्टच अशी आहे. कितीतरी वर्षं मी ती तशीच लोकांना सांगत होतो.

डीएसवर एल आणि आर बोटांखालीच असतात. या वेळी यंत्र थांबलं. 1000 सालात परतल्यावर मोहीम बाजूला ठेवून आधी लुक्काच्या घरी गेलो. आई घरभर चालत होती.