आंबेडकरी जलसा आणि वस्तीतील कलापथके : पार्श्वभूमी

वस्तीतील मुलांच्या हाती डफ देऊन त्यांना हक्कांची भाषा शिकवण्याच्या परंपरेचे मूळ सत्यशोधक जलशात आहे. त्या जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यात सावकारशाही व भिक्षुकशाहीची चिकित्सा भरली. 1927 च्या महाड सत्याग्रहानंतर, विशेषतः 1930 च्या दशकात, नाशिक-मुंबईकडील तरुणांनी हाच साचा पाण्याच्या, मंदिरप्रवेशाच्या आणि शिक्षणाच्या प्रश्नांसाठी वापरला. हाच आंबेडकरी जलसा. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि मागे उभे राहून ध्रुपद उचलणारे झीलकरी एवढ्या सामग्रीवर निरक्षर श्रोत्यांपर्यंत सभेतील भाषण गाण्यातून पोहोचत असे.

या जलशाने घेतलेला एक निर्णय मात्र आजही वादाचा आहे. गणातील गणेशस्तवन आणि गवळणीतील शृंगार तर त्याने वगळलाच. शिवाय नाचणाऱ्या स्त्रियांनाही मंचावर स्थान दिले नाही, आणि स्त्रीपात्रे पुरुषच रंगवू लागले. तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारल्याची आठवण याच संदर्भात सांगितली जाते. ज्या जातींतील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या करमणुकीसाठी नाचावे लागले, त्यांच्या देहाचा बाजार थांबवणे हा स्वाभिमानाचाच प्रश्न होता, हे मान्य करावे लागते. परंतु ढोलकीच्या ठेक्यावर लावणी पेलणारी, प्रसंगी घर चालवणारी कलावंतीण त्यामुळे चळवळीच्या मंचाबाहेर राहिली आणि तिच्यासाठी दुसरा मंच उभा राहिला नाही. तिला नाचाऐवजी गाणे देता आले असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मंच बंद असताना गावोगावच्या बायांनी जात्यावरच्या ओव्यांत भीमरायाला गुंफले. ती ओवी पहाटेच्या दळणाबरोबर म्हटली जाई, आणि ऐकायला असत्या त्या शेजारणी व निजलेली मुले.

पुढे जलशाची जागा गायनपार्ट्यांनी आणि कलापथकांनी घेतली, आणि भीमगीते गाणाऱ्या स्त्रिया मंचावर आल्या. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जणांचा मृत्यू झाला. चारच दिवसांनी एका ज्येष्ठ शाहिराने व्यथित होऊन गळफास घेतला. 2002 च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यातील वस्त्यांमधल्या तरुणांनी उभारलेल्या ‘कबीर कला मंच’ या कलापथकात मुली केवळ कोरसमध्ये नव्हत्या. मुख्य आवाज एका तरुणीचा होता. जलशाने सोडून दिलेली बाजू इथे खऱ्या अर्थाने भरून निघाली. या पथकातील तरुणांवर माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून 2011 पासून बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई झाली. 2013 मध्ये काहींना जामीन देताना उच्च न्यायालयाने, एखाद्या विचाराबद्दल सहानुभूती असणे म्हणजे बंदी घातलेल्या संघटनेचे सदस्यत्व नव्हे, असा आशय मांडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पथकातील ही मुख्य गायिका आणि तिचा शाहीर पती विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. ती तेव्हा गर्भवती होती. तिला जून 2013 मध्ये जामीन मिळाला, पण उरलेल्यांना जामिनासाठी जानेवारी 2017 पर्यंत थांबावे लागले, आणि त्यांच्यापैकी दोघांना सप्टेंबर 2020 मध्ये दुसऱ्या प्रकरणात पुन्हा अटक झाली.