एकच प्रोग्रॅम, वेग मात्र निरनिराळे: ॲनिमेशनमागच्या घड्याळांची पार्श्वभूमी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारी मशीन, चालवणारे ऑपरेटर सतत लागतात. नाशिकमधल्या प्रशिक्षण केंद्रांत मुलांना खऱ्या मशीनला हात लावू देण्याआधी पडद्यावरच्या सिम्युलेटरवर सराव देतात. टूल (कापणारं हत्यार) सरकतं, जॉब (कापायचा तुकडा) फिरतो, चिप्स (धातूचा कीस) पडतात. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे एक तक्रार आज ना उद्या येतेच: ‘‘साहेब, जुन्या पीसीवर टूल बरोबर चालतं, नव्या लॅबमध्ये पळत सुटतं.’’ फाइल तीच आणि विंडोजही तेच, तरी हे घडतं. ही तक्रार किरकोळ नाही. अमुक फीडला, म्हणजे टूल सरकवायच्या ठरवलेल्या वेगाला, टूल किती झपाट्याने पुढे येतं, याचा अंदाज मुलाच्या नजरेत इथेच बसतो. तो चुकीचा बसला तर पुढे खऱ्या लेथवर मशीन तातडीने थांबवणाऱ्या लाल बटणाकडे हात उशिरा जाईल.

अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर बदलतात, रॅम वाढवतात, नाहीतर विंडोज नव्याने टाकतात. माझ्या मते त्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा: हे ॲनिमेशन कोणत्या घड्याळाकडे बघून चालतं? कारण प्रत्येक पिढीतल्या प्रोग्रॅमरने वेळ मोजायला निराळी गोष्ट धरली. कोड कोणत्या काळात, कोणत्या सवयीने लिहिला गेला हे कळलं की संशयित निम्म्यावर येतात.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे आणि नाशिककरांना तो परका नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवायचा होता. त्या काळच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ८ चौकटी टिपल्या जात; सेकंदाला दोन फेरे दिले की १६. दाखवताना प्रोजेक्टरवर दुसराच माणूस, त्याचा हात वेगळा. त्यामुळे एकच पट्टी एका गावात संथ आणि दुसऱ्या गावात घाईत चाले. फाळक्यांनी मात्र टिपण्याची वेळ आणि दाखवण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नेमकं ओळखलं होतं. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत टिपली, आणि कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकांनी काही क्षणांत पाहिली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ मध्ये आला.

मूकपटांच्या वेगातला हा सैलपणा संपवला तो आवाजाने. चित्र थोडं जलद गेलं तर डोळा सांभाळून घेतो, पण आवाजाची पट्टी जलद गेली की सूर चढतो आणि कानाला लगेच कळतं. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चौकटी हा दर पक्का झाला. डोळ्यापेक्षा कान वेळेबाबत कडक असतो, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढे ती कामाला येते.

आता संगणक. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यात इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. हा विचित्र आकडा टीव्हीमुळे आला. अमेरिकी रंगीत टीव्हीच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ या रंगसंकेताची चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बोर्डावर होता. त्याला ३ने भागून प्रोसेसरचा वेग काढला आणि १२ने भागून टायमर चिपचा. टायमरचा तो १.१९३१८२ मेगाहर्ट्झ आकडा ६५,५३६ने भागला की सेकंदाला १८.२ ठोके मिळतात, म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत सुमारे ५५ मिलिसेकंद. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचं सगळं घड्याळ या ठोक्यावर चाले.

ॲनिमेशनसाठी ५५ मिलिसेकंद फार जाड माप. म्हणून अनेकांनी सोपा मार्ग धरला: रिकामा लूप फिरवायचा. अमुक हजार वेळा काहीच करू नको, मग चित्र एक पाऊल पुढे सरकव. सगळ्यांकडे ४.७७ मेगाहर्ट्झच असताना हे चाललं. १९८४ मध्ये आयबीएमचाच ६ मेगाहर्ट्झचा पीसी एटी आला, पाठोपाठ इतर कंपन्यांनी त्याची नक्कल करून बनवलेले ८ मेगाहर्ट्झचे पीसी आले, आणि तेच गेम हाताबाहेर पळू लागले. कॅबिनेटवरचं टर्बो बटण त्यासाठीच आलं. नाव टर्बो असलं तरी त्याचा खरा उपयोग मशीन मुद्दाम हळू करण्याचा होता.

काहींनी यातून योग्य धडा घेतला. बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनातला विलंबाचा कोड प्रोग्रॅम सुरू होतानाच आधी मोजून घ्यायचा, की या मशीनवर एका ५५ मिलिसेकंदांच्या ठोक्यात लूप किती वेळा फिरतो. त्याला ५५ने भागलं की एका मिलिसेकंदाचं माप हाती. कल्पना अगदी रास्त होती. पण उत्तर १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ६५,५३५च्या आत मावायला हवं होतं. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पेंटियम प्रो आणि पेंटियम टू आले तेव्हा ते मावेना, आणि प्रोग्रॅम पहिली ओळ दाखवण्याआधीच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद पडू लागले. आजही जुनं डॉस सॉफ्टवेअर सुरू होताच हा आकडा दाखवत असेल, तर हार्डडिस्क तपासण्यात वेळ घालवू नये. दोष याच भागाकाराचा आहे.

विंडोजने लूपची जागा टायमरला दिली, आणि माझ्या अनुभवात नाशिकच्या कारखान्यांतली सर्वांत जास्त गुंतागुंत या काळातली आहे. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले कितीतरी स्क्रीन अजून कंट्रोल रूममध्ये चालू आहेत. त्यात टायमरला १० मिलिसेकंदांचा अवधी दिलेला असतो आणि प्रत्येक ठोक्याला कन्व्हेअर ठरावीक पिक्सेल सरकतो. विंडोज ९८ ला १० मिलिसेकंद देताच येत नव्हते, तिथे तो टायमर ५५लाच वाजे. नंतरच्या विंडोज एक्सपीचा ठोका बऱ्याच मशीनवर १५.६ मिलिसेकंदांचा. म्हणजे कोडात एक अक्षरही न बदलता कन्व्हेअर साडेतीनपट जलद झाला. शिवाय टायमरचा संदेश विंडोजच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहतो. माउस हलवला किंवा खिडकी पुन्हा रंगवायची वेळ आली की टायमर थांबतो, आणि गाळलेले ठोके नंतर भरूनही मिळत नाहीत.

याच काळातला एक दोष शोधायला फार अवघड. एखादा प्रोग्रॅम विंडोजला सांगू शकतो की मला बारीक ठोका हवा, १ मिलिसेकंदाचा. पूर्वी ही मागणी एकाने केली तरी सगळ्या मशीनला लागू व्हायची. त्यामुळे शेजारी गाणी वाजवणारा प्लेयर किंवा ब्राउझर चालू असला की आपला प्रोग्रॅम जलद, आणि तो बंद केला की पुन्हा संथ. २०२० साली आलेल्या विंडोज १०च्या २००४ या आवृत्तीपासून हे बदललं. ज्याने बारीक ठोका मागितला नाही त्याला तो आपोआप मिळत नाही. म्हणून ‘अपडेट झाल्यापासून मंद झालं’ असं कुणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यात तथ्य असू शकतं.

दोन गाभ्यांचे (ड्युअल-कोर) प्रोसेसर आले तेव्हा आणखी एक चमत्कार झाला. अचूक वेळेसाठी लोक प्रोसेसरच्या आतला, त्याचे ठोके मोजणारा चक्रमोजक वाचत होते. २००५च्या सुमाराच्या काही एएमडी ड्युअल-कोर मशीनवर दोन गाभ्यांचे मोजक एकमेकांशी जुळेनात. प्रोग्रॅम एका गाभ्यावरून दुसऱ्यावर गेला की वेळ चक्क मागे जाई आणि चित्र झटका खाई. वीज वाचवायला वेग बदलणाऱ्या लॅपटॉपवर तर मोजक स्वतःच हळू-जलद होई. नव्या प्रोसेसरांत हा मोजक स्थिर दराने चालतो, पण त्या पिढीतली मशीन अजून वापरात असतील तर हा संशय जिवंत ठेवावा.

शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं राज्य होतं. त्याचा बसवलेला दर बराच काळ सेकंदाला १२ चौकटी होता. मशीन कमजोर असेल तर फ्लॅश चौकट गाळत नसे. सगळी गोष्टच लांबवत असे. मात्र आवाज ‘स्ट्रीम’ पद्धतीने, म्हणजे चौकटींशी बांधून, जोडला असेल तर आवाज थांबू नये म्हणून फ्लॅश चौकटी गाळायचा. बोलपटाने जे केलं तेच इथे पुन्हा झालं, आवाज घड्याळ बनला. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला. बरेच धडे वेबवर नव्याने लिहिले गेले, आणि तिथे घड्याळ झाला मॉनिटर.

ब्राउझरमधलं ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ हे फंक्शन पडदा जितक्या वेळा ताजा होतो साधारण तितक्या वेळा बोलावलं जातं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ६० वेळा, १४४च्या मॉनिटरवर १४४ वेळा. प्रत्येक वेळी टूल २ पिक्सेल पुढे ढकललं तर नव्या लॅबमध्ये ते २.४पट पळणारच. हे फंक्शन वेळेची नोंदही हातात देतं. ती न वाचणं ही चूक आपली.

म्हणून निदानाची माझी पद्धत मोबाइलच्या स्टॉपवॉचपासून सुरू होते. दोन्ही मशीनवर तीच हालचाल मोजायची आणि वेगांचं गुणोत्तर काढायचं. २.४ आलं तर मॉनिटर, १.२५ आलं तर ७५ हर्ट्झचा मॉनिटर, साडेतीनच्या आसपास आलं तर विंडोजचा टायमर. नव्या मशीनवर हालचाल खऱ्या वेळेच्या मानाने सुमारे १४ टक्के मंद दिसली तर कुणीतरी वेळ पूर्ण मिलिसेकंदांत कापली आहे का ते पाहायचं: १४४ हर्ट्झला एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत ६.९४ मिलिसेकंद असतात, ६ धरले की तेवढी घट होते. गुणोत्तर स्थिर नसेल, दुसरं काम चालू केल्यावर बदलत असेल, तर लूप किंवा प्रोसेसरवर पडलेला भार. ॲनिमेशनचा आवाज बरोबर चालत असेल आणि चित्रच पुढे-मागे जात असेल, तर मशीनची वेळ ठीक आहे, दोष आपल्या मोजणीत आहे. मॉनिटरवरचा संशय पक्का करायला डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ ऐवजी ६० हर्ट्झ निवडून पुन्हा मोजलं की झालं.

उपाय अनेक वर्षांपासून माहीत आहे: मागच्या चौकटीपासून खरा किती वेळ गेला ते मोजायचं आणि वेगाला त्याने गुणायचं. जिथे कटिंगचं गणित चालतं तिथे मी एक पाऊल पुढे जातो. हिशोब ठरावीक अंतराने करतो, समजा दर १० मिलिसेकंदांनी, आणि पडदा हवा तेव्हा रंगवतो. खिडकी मागे गेली की ब्राउझर ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ बोलावणं थांबवतो; परत आल्यावर एकदम मोठा वेळ हातात येतो आणि टूल जॉबच्या आरपार जातं. म्हणून एका चौकटीत धरायच्या वेळेला कमाल मर्यादा घालणं आवश्यक आहे.

काही नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ पडद्याचा दर गरजेप्रमाणे ६० आणि १२०च्या मध्ये आपोआप बदलतं. अशा लॅपटॉपवर एकदा घेतलेलं गुणोत्तर पुरत नाही, ते एकाच धड्यात मधेच बदलू शकतं. तिथे प्रत्येक चौकटीची वेळ फाइलमध्ये लिहून घेऊन, संपूर्ण धडा चालवून मगच ती तपासावी लागते.